पोटातला ॲक्टिनोमायकोसिस: रुग्ण आणि नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पू, लघवी, रक्त, ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तपासून त्यात कोणता जंतू आहे ते सांगणं हे माझं काम. पोटातला ॲक्टिनोमायकोसिस आमच्याकडे क्वचितच येतो. येतो तेव्हा मात्र रुग्णाच्या घरचे लोक हातात जाडजूड फाइल घेऊन येतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीलाही हा आजार झाला होता, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून मी हे प्रश्न ऐकले आहेत आणि विचारलेही आहेत. इथली माहिती तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे. औषध आणि डोस तेच ठरवतील.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

ॲक्टिनोमायसिस नावाच्या जिवाणूमुळे होणारा, फार सावकाश वाढणारा संसर्ग. माणसात बहुतेक वेळा ॲक्टिनोमायसिस इस्राएली ही जात सापडते. हा जंतू बाहेरून येत नाही. तो आपल्या तोंडात, दातांच्या किटणात, आतड्यात आणि स्त्रियांच्या जननमार्गात एरवीही राहत असतो आणि काही त्रास देत नाही. आतलं अस्तर शाबूत असेपर्यंत तो जागचा हलत नाही. अस्तराला भोक पडलं, चीर गेली, की तो खालच्या मांसात शिरतो. तिथे प्राणवायू कमी असतो आणि त्याला तेच मानवतं.

एकदा आत शिरला की तो थरांची मर्यादा पाळत नाही. बहुतेक संसर्ग एका अवयवात किंवा एका पडद्याच्या आत थांबतात. हा आतड्यातून पोटाच्या स्नायूत आणि स्नायूतून कातडीपर्यंत वाट काढत जातो. त्याच्याभोवती शरीर कडक, लाकडासारखी गाठ तयार करतं आणि त्या गाठीत छोटे छोटे पूचे कप्पे असतात.

सर्वांत जास्त रुग्णांमध्ये तो जबडा आणि मानेजवळ होतो. पोट आणि ओटीपोटातले रुग्ण साधारण पाचात एक.

नावात ‘मायकोसिस’ आहे. मग बुरशीचं औषध का देत नाहीत?

नाव चुकीचं पडलं आणि तसंच राहिलं. १८७७ साली गुरांच्या जबड्याच्या गाठींत हा जंतू दिसला तेव्हा त्याच्या फांद्या फुटलेल्या धाग्यांमुळे शास्त्रज्ञांना ती बुरशी वाटली. किरणांसारखी पसरणारी बुरशी, असा त्या ग्रीक नावाचा अर्थ आहे. पुढच्याच वर्षी जेम्स इस्राएल या जर्मन सर्जनने माणसातला आजार वर्णन केला. पुढे कळलं की हा जिवाणू आहे. बुरशीची औषधं याच्यावर चालत नाहीत. रिपोर्टमधलं नाव वाचून कुणी ती सुचवली तर घेऊ नका.

पोटात हा आला कुठून? आमचं काय चुकलं?

तुमचं काही चुकलेलं नाही. हे आधी सांगते, कारण या प्रश्नामागे बऱ्याचदा अपराधीपणा असतो.

सर्वांत जास्त वेळा वाट असते ती फुटलेल्या अपेंडिक्सची. म्हणूनच गाठ बहुतेक वेळा पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या भागात सापडते. अपेंडिक्सचं ऑपरेशन नीट झालेलं असतं, टाके निघालेले असतात, माणूस कामाला लागलेला असतो. आणि काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, त्याच जागी काहीतरी टणक लागायला लागतं. इतक्या काळानंतर दोन्ही गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा, मग ते दहा वर्षांपूर्वीचं का असेना.

दुसऱ्या वाटा म्हणजे आतड्याचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना एखादा खडा पोटात निसटून राहिला, तर त्याच्याभोवतीही हा संसर्ग झाल्याचं आढळलं आहे), आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्यांना आलेली सूज आणि पोटाला झालेली जखम. गिळला गेलेला माशाचा काटा किंवा कोंबडीचं हाड आतड्याला टोचूनही हे होतं, आणि काटा गिळल्याचं त्या माणसाला आठवतही नसतं. स्त्रियांमध्ये वर्षानुवर्षं आत राहिलेली कॉपर-टी हे मोठं कारण आहे. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर धोका थोडा वाढतो. पण धडधाकट माणसालाही हा होतो.

शेतात, मातीत काम केल्यामुळे झाला का?

नाही. पायाला सूज येऊन त्यातून दाणे पडणारा मदुरा फूट नावाचा आजार मातीतल्या जंतूंमुळे होतो, तो वेगळा. त्याच्या एका प्रकाराला ॲक्टिनोमायसेटोमा म्हणतात. नावं जवळची असल्याने इंटरनेटवर दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

घरातल्यांना लागेल का? ताट-वाटी वेगळी ठेवायची का?

लागत नाही. काही वेगळं ठेवू नका. नातवंडांना जवळ घ्या.

लक्षणं कोणती?

ठळक अशी नसतात, हीच अडचण आहे. पोटात बोचल्यासारखं किंवा ओढल्यासारखं दुखतं, अधूनमधून बारीक ताप येतो, वजन उतरतं, भूक मंदावते, थकवा येतो. काहींना पोटात गाठ हाताला लागते. काहींना बद्धकोष्ठता किंवा आतडं अडल्यासारखा त्रास होतो. रक्तात हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर (शरीरात सूज किंवा संसर्ग असल्याची खूण देणारी तपासणी) वाढलेला असतो. ही यादी वाचून कुणालाही आधी टीबी किंवा कॅन्सरच आठवेल.

एक खूण मात्र वेगळी आहे. जुन्या व्रणातून किंवा पोटाच्या कातडीला पडलेल्या बारीक भोकातून पू येतो, बंद होतो, पुन्हा येतो. त्या पूमध्ये कधीकधी पिवळसर दाणे असतात. हे दिसलं तर ती पट्टी फेकून देऊ नका.

माझ्या ताईने मला फोनवर हेच सांगितलं होतं. “अगं, गॉजला पिवळट रव्यासारखं काहीतरी लागतं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “ड्रेसिंग रोज बदलत जा.” याच विषयात एमडी केलेली मी, आणि माझ्या कानावर पडलेलं निदान मी ऐकलं नाही. ते वाक्य मी आता प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगते.

आधी कॅन्सर म्हणाले, मग टीबी म्हणाले, आता हे. डॉक्टरांना कळत नव्हतं का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. पण ऑपरेशनच्या आधी हा आजार ओळखला गेल्याची उदाहरणं जगभरात फार थोडी आहेत; बहुतेक वैद्यकीय लेखांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी सांगितलेलं आहे. कडक, हाताला न हलणारी, शेजारच्या अवयवांना चिकटलेली गाठ सर्जनला कॅन्सरसारखीच दिसते. ती कॅन्सर समजून काढणं ही त्या क्षणी निष्काळजी नसते.

टीबीचं वेगळं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण भारतात आहेत, आणि पोटाचा टीबी नेमका त्याच उजव्या कोपऱ्यात होतो. पोटाच्या टीबीत जंतू थोडे असतात, तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून पुरावा हाती नसतानाही एकेटी (टीबीची औषधं) चालू करण्याची वेळ डॉक्टरांवर येते. तेही मी समजू शकते. माझी हरकत पुढच्या गोष्टीला आहे. दोन महिने एकेटी घेऊन गाठ तसूभर कमी झाली नाही, ताप तसाच आहे, तरी ‘कोर्स पूर्ण करू, मग बघू’ म्हणणं मला पटत नाही. त्या टप्प्यावर पुन्हा तुकडा घ्यायला हवा, किंवा आधीचा तुकडा पुन्हा बघायला हवा.

ताईच्या बाबतीत असंच झालं. ती सासवडला असते. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर अडीच वर्षांनी गाठ लागली. एका हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या संशयाने मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. काढलेला सगळा भाग फॉर्मालिनमध्ये गेला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, जुनाट सूज आहे. आम्ही पेढे वाटले. दीड महिन्याने व्रणातून पू यायला लागला. त्याचा स्वॅब घेतला, दोन दिवसांत ई. कोलाय उगवला, त्याचं औषध झालं, पू थांबला नाही. मग टीबी समजून चार महिने एकेटी. या प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी विचार करूनच निर्णय घेतला होता. ‘दुसरं काही असेल का’ हे मात्र कुणी विचारलं नाही.

सोनोग्राफी, सीटी, कोलोनोस्कोपी सगळं झालं. त्यात का नाही दिसलं?

सीटीत गाठ दिसते, ती किती पसरली आहे ते दिसतं, पू कुठे साठला आहे ते दिसतं. गाठीचं कारण सीटी सांगत नाही. अनुभवी रेडिऑलॉजिस्टला संशय मात्र येऊ शकतो: गाठ थर ओलांडून पसरलेली आहे, पण आसपासच्या लसिकाग्रंथी तेवढ्या वाढलेल्या नाहीत. कॅन्सर आणि टीबी दोन्हींत त्या बऱ्याचदा वाढतात.

कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर अनेकदा जवळपास नॉर्मल दिसतं, कारण आजार अस्तराखाली आणि बाहेरच्या बाजूने असतो. त्यामुळे वरवर घेतलेल्या बायोप्सीत काही सापडत नाही.

मग निदान होतं कशाने?

तुकड्याने. गाठीचा तुकडा किंवा आतला पू, योग्य बाटलीत, योग्य ठिकाणी, सांगून पाठवलेला. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा.

ऑपरेशनमध्ये किंवा सुईने काढलेला नमुना दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मालिनची, ती हिस्टोपॅथॉलॉजीला जाते. तिथे पातळ काप करून पेशी बघतात, कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. दुसरी निर्जंतुक बाटली, फॉर्मालिन न घातलेली, फार तर थोडं निर्जंतुक सलाइन घातलेली. ती आमच्याकडे, मायक्रोबायोलॉजीला येते. फॉर्मालिनमध्ये प्रत्येक जंतू मरतो. सगळाच तुकडा त्यात बुडवला की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची, संधी त्याच मिनिटाला संपते, टीबीच्या कल्चरचीसुद्धा. ऑपरेशन थिएटरमध्ये कॅन्सरच डोक्यात असल्यामुळे दुसरी बाटली राहून जाते. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना विचारा: “सर, थोडा भाग कल्चरला पण पाठवाल का?” हा उद्धटपणा नाही. एकही चांगला सर्जन यावर रागावलेला मी पाहिलेला नाही. उलट एकाने नर्सला लगेच हाक मारून बाटली मागवली होती.

दुसरी बाटली आली की पुढची गोष्ट वेळेची. ॲक्टिनोमायसिसला प्राणवायू सोसत नाही. पू सिरिंजमध्ये ओढून हवा काढून टाकून आणला तर उत्तम, स्वॅब सर्वांत वाईट. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, शक्य तितक्या लवकर पोचवायचा. आणि फॉर्मवर ‘ॲक्टिनोमायसिसचा संशय’ एवढे दोन शब्द लिहिलेले हवेत. ते नसतील तर लॅबमध्ये साधं कल्चर लावलं जातं आणि ४८ तासांनी प्लेट टाकून देतात. हा जंतू हवाबंद डब्यात वाढायला पाच दिवसांपासून दोन-तीन आठवडे घेतो. ताईचा स्वॅब दोन दिवसांत ‘पूर्ण’ झाला होता. जो ई. कोलाय उगवला तोही खोटा नव्हता. ॲक्टिनोमायसिस सहसा एकटा नसतो, त्याच्यासोबत आतड्यातले इतर जंतू असतात, आणि ते भराभर वाढतात म्हणून रिपोर्टवर त्यांचंच नाव येतं.

कल्चरची वाट न बघताही पुष्कळ कळतं. पूमधला दाणा दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून बघितले, की जांभळे, बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसतात. त्याला अर्धा तासही लागत नाही. मग आम्ही ॲसिड-फास्ट स्टेनही करतो. नोकार्डिया नावाचा दिसायला असाच जंतू तो रंग थोडा धरतो, ॲक्टिनोमायसिस धरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांची औषधं वेगळी.

आणखी एक. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक देऊ नये. दोन-चार डोस गेले तरी कल्चर कोरं येऊ शकतं.

कल्चर निगेटिव्ह आलं. म्हणजे हा आजार नाही?

असं नाही. निम्म्याहून जास्त वेळा कल्चर निगेटिव्हच येतं. हिस्टोपॅथॉलॉजीच्या कापांत दाणे आणि त्यांतले धागे दिसले, तर तेवढ्यावर उपचार सुरू करता येतात. पण एवढ्या मोठ्या गाठीत दाणे एक-दोनच असू शकतात आणि नेमका तो काप काचेवर आलेला नसतो.

इथेच तुमच्या हातात एक गोष्ट आहे. काढलेला भाग मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक आणि स्लाइड दुसरं मत घेण्यासाठी लॅबकडे मागता येतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ताईचा ब्लॉक मी असाच मागवला. माझ्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने आणखी काप केले आणि नव्या कापांपैकी एकात दाणा होता, कडेला गुलाबी किरणं असलेला. जुन्या स्लाइड तिने परत परत पाहिल्या. त्यांत तो नव्हता. म्हणजे पहिला रिपोर्ट लिहिणाऱ्याने काही लपवलं नव्हतं की दुर्लक्ष केलं नव्हतं. अजून काप करायला सांगणारं कुणी नव्हतं.

रिपोर्टमध्ये ‘सल्फर ग्रॅन्युल्स’ लिहिलंय. शरीरात गंधक झालंय का?

नाही. गंधकासारखे पिवळे दिसतात म्हणून ते नाव. ते जंतूंचेच घट्ट पुंजके असतात.

माझ्या पॅप स्मिअरमध्ये ॲक्टिनोमायसिस आलाय. कॉपर-टी काढायची का? औषध घ्यायचं का?

पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी. हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. त्रास काहीच नसेल, म्हणजे पोटात दुखत नाही, ताप नाही, घाण वासाचा स्राव नाही, तर केवळ रिपोर्टमध्ये नाव आलं म्हणून सहसा औषधही लागत नाही आणि कॉपर-टी काढावीही लागत नाही. जंतू तिथे असणं आणि जंतूने आजार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, घाबरू नका.

पण ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा गाठ दिसत असेल तर कॉपर-टी काढून तीही तपासायला पाठवायला हवी.

आणि कृपा करून तारीख बघा. कॉपर-टी पाच किंवा दहा वर्षांची असते, प्रकारावर अवलंबून. दुसऱ्या बाळंतपणानंतर बसवलेली, पाळी जाऊन वर्षं झाली तरी तशीच राहिलेली कॉपर-टी असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बसवल्याचा कागद हरवलेला असतो, सांगायला लाज वाटते, आणि विचारतही कुणी नाही. तुमच्या आईला, सासूबाईंना एकदा विचारा.

उपचार काय?

पेनिसिलिन. इतक्या नव्या अँटिबायोटिक्सच्या जमान्यात हे ऐकून लोकांना शंका येते, “एवढं जुनं औषध?” याच्यावर अजूनही तेच सर्वांत भरवशाचं आहे. पेनिसिलिन येण्याआधी आयोडाइड देत आणि पुष्कळ रुग्ण दगावत.

पुण्याशी याचं नातं आहे. पेनिसिलिन देशातच तयार व्हावं म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. नेहरूनगरच्या एका आजोबांना मी औषधाचं नाव सांगितलं तेव्हा ते उठून बसले, “म्हणजे आमच्या एच. ए.चं औषध!” नोकरीची वर्षं तिथे घालवलेल्या त्या माणसाला मला पुढे काही समजवावं लागलं नाही.

पारंपरिक पद्धत अशी: सुरुवातीला दोन ते सहा आठवडे शिरेतून पेनिसिलिन, दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख युनिट, दर चार तासांनी विभागून. त्यानंतर तोंडाने पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, सहा ते बारा महिने. आकडा ऐकून दचकू नका, युनिटचं माप तसंच असतं. या पेनिसिलिनमधून पोटॅशियम किंवा सोडियमही शरीरात जातं, म्हणून किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. दर चार तासांचं इंजेक्शन घरी जमत नाही, म्हणून अनेक डॉक्टर दिवसातून एकदा देता येणारं सेफ्ट्रिॲक्सोन निवडतात. ते डे-केअरमध्ये घेऊन घरी जाता येतं.

इतके महिने का? महिन्याभरात बरं वाटायला लागलं होतं.

कारण गाठ कडक आहे. तिच्यात रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे औषध आत फार हळूहळू झिरपतं. बरं वाटणं लवकर येतं, जंतू संपणं उशिरा. मध्येच सोडलेल्या गोळ्यांनी आजार परत येतो, आणि परत आलेला आजार पुन्हा शिरेतल्या औषधापासून सुरू करावा लागतो. गाठ ऑपरेशनने पूर्ण निघाली असेल तर डॉक्टर मुदत कमी करू शकतात. ती त्यांनी करायची, आपण नाही.

ताईने नऊ महिने गोळ्या घेतल्या. भावजींनी कॅलेंडरवर रोज रेघ मारली. गणपतीच्या गडबडीत दोन दिवस चुकले तेव्हा त्यांनीच मला फोन करून कबूल केलं. चुकलेल्या डोसचं असं मोकळेपणाने सांगा, त्यावरून पुढचं ठरतं.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर?

डॉक्सिसायक्लिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन असे पर्याय आहेत, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण आधी ॲलर्जी खरी आहे का ते तपासून घ्या. लहानपणी कधीतरी पुरळ उठलं म्हणून ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं आयुष्यभर सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना नीट तपासणीत ॲलर्जी निघत नाही. अंगभर गांधी, घसा सुजणं, श्वास कोंडणं असं काही झालं असेल तर मात्र ते ठळक सांगा. हे इंजेक्शन हॉस्पिटलमध्येच घ्यावं.

मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन आधीच झालंय. ते का नाही चाललं?

पोटदुखीसाठी आपल्याकडे हीच जोडी सर्रास दिली जाते. पहिलं ॲक्टिनोमायसिसवर चालत नाही, दुसरं जेमतेम. सोबतचे जंतू मरतात, चार दिवस आराम पडतो, मूळ आजार तिथेच राहतो.

ऑपरेशन लागतंच का?

नेहमी नाही. निदान आधी झालं, तर मोठी गाठसुद्धा नुसत्या औषधाने विरघळते, आणि हे मी सीटीवर पाहिलं आहे. आतड्याचा फूटभर भाग वाचणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून सुईने बायोप्सी शक्य असेल तर ती आधी करण्याबद्दल विचारा.

पू साठला असेल तर तो काढावा लागतो, सोनोग्राफीत बघून नळी घालूनही चालतं. आतडं अडलं असेल, कातडीपर्यंत वाट पडली असेल, किंवा कॅन्सरची शंका फिटतच नसेल, तर सर्जनची गरज लागते. आणि ऑपरेशन झालं म्हणजे औषध टळलं, असं होत नाही.

पुण्यात उपचार कुठे मिळतील? खर्चाचं काय?

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात, पिंपरीच्या वायसीएम या महापालिकेच्या रुग्णालयात, आणि शहरातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत यासाठी लागणारे सर्जन, फिजिशियन आणि लॅब आहेत. संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञ असतील तिथे एकदा मत घ्याच.

औषध स्वस्त आहे, महाग पडतात ते हॉस्पिटलचे दिवस. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसेल ते हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र सांगतात. बिल झाल्यावर जाऊ नका, दाखल होतानाच जा.

पथ्य काय? काढा चालेल का?

खास पथ्य नाही. वजन उतरलेलं असतं, तेव्हा डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, जे पचेल ते भरपूर खा. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ती गोळी दुधाबरोबर घेऊ नका. अमॉक्सिसिलिन जेवणाबरोबर चालतं. जुलाब फार झाले, ताप आला किंवा शौचातून रक्त गेलं तर थांबू नका, डॉक्टरांना कळवा. लांबलेल्या अँटिबायोटिक्सने आतड्याचा वेगळा त्रास होऊ शकतो. काढा घेत असाल तर सांगून घ्या. औषधाऐवजी घेऊ नका.

दात मात्र तपासून घ्या. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या हे या जंतूचं मोठं ठाणं आहे.

बरं झालं हे कसं कळणार? परत होईल का?

वजन, ताप, ईएसआर किंवा सीआरपी, आणि काही महिन्यांच्या अंतराने सीटी किंवा सोनोग्राफी, यांवरून. लांबच्या औषधात अधूनमधून रक्तातल्या पेशी आणि क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) बघतात. जुन्या जागी थोडा कडकपणा राहू शकतो. तो व्रणाचा असतो. औषध पूर्ण घेणारे दहात नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. गोळ्या बंद झाल्यावरही काही काळ तपासणी चालू ठेवा.

कोणत्या त्रासात थेट हॉस्पिटल गाठायचं?

पोट फुगून गॅस आणि शौच दोन्ही बंद होणं, सतत उलट्या, थंडी वाजून मोठा ताप, पोट दगडासारखं घट्ट होणं, चक्कर येऊन गळून जाणं. रात्र असली तरी निघा.

तुम्हाला किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला येताना काय आणायचं?

सगळ्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं, जुनीसुद्धा. सीटीची सीडी, नुसता छापील रिपोर्ट नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड. आतापर्यंत घेतलेल्या अँटिबायोटिक्सची नावं, तारखांसकट. आठवत नसतील तर रिकामी पाकिटं आणा. कॉपर-टी असेल तर बसवल्याचं वर्ष. आणि व्रणातून पू येत असेल, पट्टीला पिवळे दाणे लागत असतील, तर रात्रभर लावलेलं निर्जंतुक गॉज स्वच्छ बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून, सकाळी पहिल्यांदा लॅबमध्ये आणा.